त्यात नवीन काय?

पहाटे साडेपाच

अर्ज उघडण्याआधी मी त्याच्या विरोधातले कागद वाचते. पेटंट एजंट सहसा आधी अर्जदाराचं वर्णन वाचतात, मग त्याचे दावे आणि शेवटी परीक्षकानं पुढं केलेले जुने दस्तावेज. या क्रमानं गेलं की घात होतो. अर्जदारानं काय केलंय हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक जुन्या कागदात तेच दिसायला लागतं. ज्याला कोड्याचं उत्तर आधीच कळलंय, त्याला ते कोडं अवघड होतं का हे विचारून उपयोग नसतो.

आजची फाइल माझ्याकडे नव्यानं आलेली आहे. अर्ज दुसऱ्या कुणी लिहून दाखल केला, तो पेटंट जर्नलमध्ये प्रकाशित झाला आणि आता मुंबईच्या पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आलाय. आम्ही त्याला एफईआर म्हणतो. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. मला एवढंच सांगितलं गेलंय की यंत्र सीताफळाचा गर काढायचं आहे, अर्जदार धारूरच्या वाटेवरच्या एका गावचा आहे आणि परीक्षकाच्या मते यात नवकल्पनेची पायरी नाही, म्हणजे या धंद्यातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं.

परीक्षकानं तीन दस्तावेज दिलेत. डी-१ हे आंबा-टोमॅटोच्या पल्परचं जुनं पेटंट: आडवं जाळीदार पिंप, आत फिरणारी पाती, गर जाळीतून खाली, साली आणि बिया दुसऱ्या टोकानं बाहेर. डी-२ मध्ये पात्यांच्या जागी नायलॉनचे ब्रश आहेत, मऊ फळांसाठी. डी-३ हा शोधनिबंध आहे. सीताफळाच्या गरात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे साधं क जीवनसत्त्व, घालून तो गरम न करता उणे १८ अंशांखाली गोठवला तर रंग टिकतो, असं त्यात म्हटलंय.

तिन्ही वाचून झाल्यावर वहीत लिहिते: हे तीन कागद हातात असलेला, सीताफळाच्या धंद्यातला जाणकार माणूस पुढं काय करेल? माझं उत्तर: ब्रशचा पल्पर घेईल, जाळीचं भोक बीपेक्षा बारीक ठेवेल, गती कमी करेल, आम्ल घालेल, गोठवेल. खाली तारीख आणि वेळ घालून सही करते. ही वही कुठल्या सुनावणीत दाखवायची नसते. दुपारी माझं मत बदललं तर ते कशामुळं बदललं, हे मला कळावं म्हणून ती.

सकाळी सात

ऑक्टोबरात बीडमध्ये सीताफळ पाट्यांनी येतं. बालाघाटाच्या डोंगरकडांवरून तोडून आणलेली फळं बायका रस्त्याकडेला मांडून बसतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेव्हापासून ‘आपल्या सीताफळाला पेटंट मिळालं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते पेटंट नव्हे. निर्देशांक त्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो आणि त्यासाठी नवं काही शोधावं लागत नाही. उलट जुनं असणं हीच त्याची पात्रता.

पाटीतली फळं बघत मी एकच गोष्ट मोजते, वेळ. फळाचे डोळे पडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा उघडून पिवळसर झाल्या, की तोडायचं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ते मऊ होतं आणि मग फुटतं. पुण्या-मुंबईच्या आइस्क्रीमवाल्यांना हे फळ फळ म्हणून पोचवणं हा जुगार आहे, म्हणून गर काढून गोठवून पाठवायचा. पण गर काढला की दुसरी पंचाईत. हवा लागली की त्यातल्या विकरांमुळं तो तपकिरी पडतो. आंब्याच्या किंवा टोमॅटोच्या कारखान्यात यावर सरळ उपाय आहे, गरम करा. उष्णतेनं विकर मरतात. सीताफळ गरम केलं की कडवट होतं. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकताना हे मी पुस्तकात वाचलं होतं. पातेल्यात करून बघितलेलं कुणीही ते सांगेल.

तिसरी पंचाईत बियांची. हाताला गुळगुळीत लागणारी ती काळी बी फुटली तर आतला गाभा विषारी आणि कडू. नुसती खरवडली गेली तरी पांढऱ्या गरात काळे-तपकिरी कण येतात, आणि असा माल आइस्क्रीमवाला परत पाठवतो.

साडेनऊ

आता अर्ज. नऊ दावे आहेत.

दावा १ असा: आडवं जाळीदार पिंप, त्यात फिरणारे नायलॉनचे ब्रश, जाळीची भोकं सीताफळाच्या बीपेक्षा लहान, बिया बाहेर पडायला वेगळं तोंड, गती कमी-जास्त करता येणारी मोटर. दावा २ ते ४ मध्ये भोकांचा आकार, ब्रशांची संख्या, स्टीलचा प्रकार. दावा ५ ते ८ पद्धतीचे: गर काढा, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घाला, गरम न करता गोठवा. दावा ९ उरलेल्या बियांची पूड करून कीटकनाशक म्हणून वापरण्याचा.

पहाटेची वही शेजारी ठेवून वाचलं तर दावा १ म्हणजे मी साडेपाचला लिहिलेलं वाक्यच आहे. डी-२ मध्ये ब्रश आहेत, डी-१ मध्ये बियांचं वेगळं तोंड आहे. फळ बदललं की जाळीचं भोक बदलायचं, हे पल्पर विकणारा माणूस गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो. परीक्षकाचं बरोबर आहे. अर्जदाराच्या बाजूनं पैसे घेऊनही हे मला पहिल्या तासात मान्य करावं लागतं. नाहीतर पुढचे पाच महिने मी त्याला खोटी आशा विकत राहीन.

कायदा काय म्हणतो तेही इथंच सांगते. पेटंट कायदा १९७० चा. त्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये म्हटलंय की आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्यामुळं तो शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड नसावा. बरेच अर्जदार ‘आर्थिक महत्त्व’ या शब्दांवर थांबतात. माझा माल जास्त विकला गेला, मजुरी वाचली, म्हणून पेटंट द्या. पण विक्री कितीही होवो, वाक्याचा शेवटचा तुकडा सुटत नाही.

मग मी वर्णनाची पानं चाळते. दावे वकिली हातानं लिहिलेले असतात, वर्णनात मात्र कारागीर कधीकधी स्वतः बोलून जातो. अकराव्या पानावर एक वाक्य सापडतं. मोटर दर काही सेकंदांनी थांबून उलट्या दिशेनं फिरते, त्यामुळं बी ब्रश आणि जाळी यांच्यात अडकून खरवडली जात नाही. एवढंच. पुढं लगेच स्टीलच्या जाडीची माहिती सुरू होते. नऊ दाव्यांत या उलट्या फेऱ्याचा उल्लेखही नाही.

वहीत बघते. पहाटे मी गती कमी करेल असं लिहिलं होतं. दिशा बदलेल असं लिहिलेलं नाही.

अकरा

हा ‘जाणकार माणूस’ कोण, यावर सगळी फाइल उभी राहते. कायद्यातला हा माणूस खरा नसतो. त्यानं त्या विषयातलं सगळं छापील वाचलेलं असतं, धंद्यातल्या सगळ्या नेहमीच्या खुब्या त्याला येतात, पण तो स्वतःहून शोध लावत नाही.

आपल्याकडं याची मूळ कसोटी भांड्यांच्या खटल्यातून आली. मिर्झापूरच्या एका कारखान्यानं पितळी भांडी लेथवर धरून फिरवण्याच्या साधनाचं पेटंट १९५१ मध्ये घेतलं होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या नावानं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयानं ते पेटंट टिकणार नाही असं ठरवलं. न्यायालयाच्या सांगण्याचा अर्थ असा, की वर्कशॉपमध्ये काम करता करता होणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. जुना दस्तावेज त्या धंद्यातल्या कुशल कारागिराच्या हातात दिला, त्याच्यापुढं तीच अडचण ठेवली आणि नवा शोध मात्र त्याला दाखवला नाही, तर ‘मला हवं ते यात मिळालं’ असं तो म्हणाला असता का, हे बघायचं.

‘शोध दाखवला नाही’ ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते. परीक्षक मोडतात, कारण त्यांच्यापुढं अर्ज आधी येतो आणि जुन्या दस्तावेजांची शोधाशोध मागाहून. अर्जदाराचे शेजारी तर रोजच मोडतात. ‘हॅ, त्यात काय एवढं!’

साडेबारा

बीडच्या एमआयडीसीत खव्याची मशीन आणि मिरची कांडप बनवणारे एक फॅब्रिकेटर आहेत. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, मी त्यांना मामा म्हणते. अर्ज प्रकाशित झालेला असल्यामुळं त्याबद्दल बोलायला आडकाठी नाही. तरी मी यंत्राबद्दल काही सांगत नाही, अडचणच तेवढी सांगते.

“मामा, ब्रशच्या पल्परमध्ये सीताफळाची बी घासून निघतीय. गरात काळे कण येतात. काय करताल?”

“आधी गती कमी. त्यानं नाही भागलं तर ब्रश मऊ घ्यायचा. जाळीच्या भोकाला आतून धार राहिली का बघायची, बफिंग करून घ्यायचं.”

“आणखी?”

“आणखी काय? एका वेळी माल कमी टाका.”

चारही उत्तरं चांगली आहेत आणि मला त्यातली एकही अनपेक्षित नाही. मग विचारते, ब्रश थोडा वेळ सुलट आणि थोडा वेळ उलट फिरवला तर?

“हां! हे बी हुईल की. त्यात काय अवघडंय? व्हीएफडी बसवली की झालं.” व्हीएफडी म्हणजे मोटरची गती आणि दिशा बदलणारं उपकरण.

“मग मघाशी का नाही सांगितलं?”

मामा हसतात. “तुम्ही जाम झाल्याचं इचारलंच नाही. जाम झालं की आम्ही उलटंच फिरवतो.”

इथं माझी अडचण खरी सुरू होते. अडकलेलं यंत्र सोडवायला उलटं फिरवणं हे ज्ञान जुनं आहे, ते कडबाकुट्टीवाल्यालाही माहीत असतं. परीक्षक सुनावणीत हेच म्हणेल: उलटा फेरा माहीत होता, ब्रशचा पल्पर माहीत होता, दोन्ही एकत्र केले, झालं. उत्तर देताना मला दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवाव्या लागतील. जाणकाराला ते करता आलं असतं, हे मान्य. पण त्यानं ते केलं असतं का? करण्याचं कारण त्याच्यापुढं होतं का? जाम झाल्यावर उलटं फिरवण्याचा हेतू यंत्र मोकळं करणं हा. न अडकलेल्या यंत्राला, चांगलं चालू असताना, दर काही सेकंदांनी थांबवायचं म्हणजे काम मंदावणार. पल्परच्या धंद्यात तासाला किती किलो याला महत्त्व. डी-१ तर उघडच सांगतो की अखंड फेरा ठेवा म्हणजे उत्पादन वाढतं. जुना कागद ज्या वाटेनं जायला सांगतो तिच्या विरुद्ध वाट कुणी धरली, आणि त्यातून त्या कागदात नसलेला फायदा मिळाला, तर ते उघड म्हणणं कठीण आहे.

मामांचं म्हणणं पुरावा म्हणून थेट चालणार नाही. पेटंट नियंत्रकापुढं पुरावा शपथपत्रावर द्यावा लागतो. गरज पडली तर एखाद्या अन्नतंत्रज्ञाचं घेऊ. पण पहाटेच्या वहीनंतर दुसऱ्या डोक्यालाही उलटा फेरा आपणहून सुचला नाही, याला माझ्या लेखी वजन आहे.

दोन

डबा, आणि जेवता जेवता मराठीतल्या जुन्या कागदांचा शोध. परीक्षकाचा शोध बहुधा इंग्रजी डेटाबेसमध्ये झालेला असतो. कायद्याला भाषेशी देणंघेणं नाही. कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकातला लेख, अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रातली माहितीपत्रिका, गावच्या पोराचा यूट्यूबवरचा व्हिडिओ, जे काही अर्जाच्या तारखेआधी लोकांसमोर आलेलं आहे ते सगळं आधीचं ज्ञान. मी विरोधकाच्या नजरेनं शोधते. आज मला नाही सापडलं आणि पेटंट मिळाल्यावर वर्षभरात कुणी ते पुढं करून विरोध नोंदवला, तर तेव्हाचा खर्च मोठा.

ब्रशचे पल्पर व्हिडिओंत पुष्कळ दिसतात. सगळे एकाच दिशेनं फिरणारे.

साडेतीन

मांजरसुंब्याचा घाट चढून, केजच्या अलीकडं आत वळलं की गाव. पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला बायका फळं फोडून चमच्यानं आतला भाग स्टीलच्या घमेल्यात काढतायत, दुसऱ्या बाजूला यंत्र, आणि भिंतीला ब्लास्ट फ्रीझर. अर्जदार तिशीतला आहे. मला ताई म्हणतो, मी त्याला दादा.

पहिला प्रश्न नेहमीचाच. यंत्र कुठं दाखवलंत, कधी? कृषी प्रदर्शनात मांडलं होतं, व्हिडिओही टाकलाय, पण दोन्ही अर्ज दाखल झाल्यानंतर. मी तारखा त्याच्या फोनवर बघून घेते. आधीचं असतं तर त्याचाच व्हिडिओ त्याच्या विरोधात डी-४ म्हणून आला असता. प्रदर्शनात मांडणाऱ्याला कलम ३१ खाली बारा महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, गावोगावच्या मेळाव्यांना नव्हे.

“दादा, हा उलटा फेरा कसा सुचला?”

“सुचला कशाचा, लाइटमुळं झालं. व्होल्टेज खालीवर व्हायचं, मशीन थांबायची. थांबून परत चालू झाली की पहिला गर स्वच्छ यायचा. मी म्हटलं, थांबल्यावर बी सुटत आसंल. मग थांबवून उलटं फिरवून बघितलं.”

अपघातानं लागलेला शोध कायद्याला चालतो. तो कसा सुचला, मेहनतीनं की नशिबानं, याला तिथं किंमत नाही. पण हा किस्सा मला एक गोष्ट सांगून जातो. त्याच्यापुढं जुने कागद नव्हते, आणि तरीही गती कमी करणं व मऊ ब्रश हे दोन्ही उपाय त्यानं आधी करून बघितले होते. ते ब्रश शेडच्या कोपऱ्यात पडलेले मी स्वतः बघितले.

मी त्याला उलट्या फेऱ्याचा टायमर बंद करून एक घाणा काढायला सांगते आणि एक टायमर लावून. पांढऱ्या ट्रेमध्ये दोन्ही गर शेजारी ओतल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. एका ट्रेत काळी बारीक शिंतोडी आहेत, दुसऱ्यात जवळजवळ नाहीत. डोळ्यांना दिसणं पुरत नाही. एकाच झाडाच्या तोडीतली फळं, सारखं वजन, दोन्ही घाण्यांतल्या खरवडलेल्या बिया मोजून, फोटो, तारीख, दोन साक्षीदार, असा तक्ता मला पंधरा दिवसांत हवा, असं सांगते. अर्जात फायदा लिहिलेला आहे म्हणून हा तक्ता आता देता येईल. अर्जात तो नसताच तर मागाहून कितीही आकडे आणले तरी ते नंतर सुचलेलं ठरलं असतं.

मग कठीण भाग.

“दावा एक आपण आहे तसा ठेवू शकत नाही. त्यात टायमरचा उलटा फेरा घालावा लागेल.”

“म्हणजे मशीन सोडून नुसता टायमर माझा? ताई, शेजारचा टायमर काढून हीच मशीन बनवील की!”

“बनवू द्या. त्याच्या गरात काळे कण येतील.”

तो गप्प बसतो. त्याला पटलंय की नाही कळत नाही. खरं तर बिनटायमरची मशीन बनवायचा हक्क शेजाऱ्याला आजही आहे, डी-२ छापलं गेलं तेव्हापासून.

बियांच्या दावा ९ बद्दल मी घमेल्याजवळ बसलेल्या बायकांना विचारते. एक म्हातारी लगेच सांगते, आमची आजी बी वाटून उवांना लावायची, डोळ्यात जाऊ द्यायची नाही, डोळे जातेत. कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला किंवा पारंपरिक घटकाच्या माहीत असलेल्या गुणांच्या नुसत्या बेरजेला शोध मानत नाही. दावा ९ वर मी जागेवरच काट मारते.

सहा

परतीच्या गाडीत दोन प्रकरणं डोक्यात घोळतात. पहिलं कडुनिंबाचं. कडुनिंबाच्या तेलानं पिकावरची बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचं पेटंट युरोपियन पेटंट कार्यालयानं १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना दिलं. विरोध करणाऱ्यांत वंदना शिवा होत्या. आजीबाईंच्या बटव्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या गेल्या, पण म्युनिकच्या त्या कार्यालयात वजन पडलं ते महाराष्ट्रातल्या शेतांचं. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात अभय फडके यांनी केलेल्या चाचण्यांची साक्ष मांडली गेली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि ८ मार्च २००५ ला त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. ‘आम्हाला हे पूर्वीपासून माहीत आहे’ हे वाक्य कुठल्याच कार्यालयात चालत नाही. कुणी, कुठं, कधी, कशावर, हे लागतं. हळदीच्या जखमेवरच्या उपयोगाचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत सीएसआयआरनं रद्द करून घेतलं, तेही जुन्या ग्रंथांचे आणि छापील निबंधांचे उतारे समोर ठेवून.

दुसरं प्रकरण नांगराचं, आणि ते माझ्या फाइलच्या जास्त जवळचं आहे. अमेरिकेत ग्रॅहम नावाच्या माणसानं दगडगोट्यांच्या रानात चालणाऱ्या नांगराला स्प्रिंगची पकड बसवली, म्हणजे फाळ दगडाला धडकला की वर उचलला जाऊन परत खाली येतो. आपल्या मुरमाड बरडात नांगर चालवलेल्या कुणालाही याची गरज समजेल. नंतरच्या पेटंटमध्ये त्यानं एक बदल केला. दांडा आणि बिजागरीची पट्टी यांची वर-खाली जागा उलटी केली. जॉन डीअर कंपनीशी झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९६६ मध्ये ते पेटंट अवैध ठरवलं. अशी उलटापालट त्या धंद्यातल्या माणसाला सुचलीच असती, असं न्यायालयाचं मत पडलं. आणि आता दांडा जास्त लवचीक होतो हा जो फायदा सांगितला जात होता, तो पेटंटच्या कागदात लिहिलेलाच नव्हता.

माझ्या फाइलमध्येही उलटापालटच आहे. फरक अकराव्या पानावरच्या त्या एका वाक्याचा.

रात्री आठ

उत्तराचा मसुदा. कलम ५९ प्रमाणे दावे अरुंद करता येतात, रुंद नाही, आणि मूळ अर्जात नसलेलं काही घालता येत नाही. दावा १ मध्ये मी एक अट घालते: मोटरचं नियंत्रण असं की ब्रश ठरावीक अंतरानं थांबून विरुद्ध दिशेनं फिरतात, यंत्र अडकलेलं नसतानाही. ‘अडकलेलं नसतानाही’ हे शब्द मामांची देणगी. तशी अट वर्णनात उघड शब्दांत आहे का, हे तीनदा तपासते. ‘दर काही सेकंदांनी’ म्हटलंय, म्हणजे अडकण्याची वाट बघितलेली नाही. चालेल.

दावा २ ते ४ सुधारलेल्या एकवर टांगलेले, म्हणून राहतात. ५ ते ८ काढून टाकते. सीताफळ गरम करू नये आणि आम्ल घालून गोठवावं हे डी-३ मध्ये छापलेलं आहे, त्यावर वाद घातला तर मजबूत मुद्द्याचीही पत जाते. दावा ९ गेला.

अहवालाच्या भाषेबद्दल एक परिच्छेद लिहून मी पुन्हा खोडते. ‘डी-१ आणि डी-२ यांच्या आधारे जाणकारास उघड’ एवढ्या एका ओळीवर आक्षेप उरकायची परीक्षकांना सवय आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितलंय की अर्ज नाकारताना नियंत्रकानं तीन गोष्टी मांडल्या पाहिजेत: आधीच्या दस्तावेजात काय आहे, अर्जात काय आहे, आणि एकातून दुसरं कसं उघड होतं. तो निकाल मी उद्धृत करते, पण तक्रारीच्या सुरात नाही. दावा १ पुरता परीक्षक बरोबरच होता.

नऊच्या सुमारास एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचा फोन. त्यांचं ‘पेटंट मिळालं’ म्हणून पेपरात फोटो आलाय, पुढं काय करायचं? विचारते, मंजूर झालं की प्रकाशित? प्रकाशित. अर्ज दाखल केल्यावर अठरा महिन्यांनी तो कुणाचाही प्रकाशित होतो, त्याला कुणी तपासलेलंही नसतं. मूल्यांकनाच्या गुणांसाठी असे किती अर्ज पडून आहेत याचा विचार केला की धारूरच्या वाटेवरच्या त्या पत्र्याच्या शेडबद्दल मला जास्त आदर वाटतो. त्या माणसानं व्यक्ती म्हणून दाखल करायचे १,६०० आणि परीक्षणाचे ४,००० रुपये सरकारजमा केलेत, आणि ते परत मिळायचे नाहीत.

दहा

माझं लेखी मत अर्जदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, साध्या मराठीत. दावा १ मुळात जसा होता तसा उघड आहे आणि तो वाचवायला मी पैसे घेणार नाही. उलट्या फेऱ्यासह तो टिकायला हवा, पण तुमचा तक्ता आला तरच. तक्त्यात फरक दिसला नाही, तर उत्तर न देता अर्ज सोडून द्या आणि यंत्र विकत राहा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तक्ता चांगला आला आणि तरीही सुनावणीत नाकारलं गेलं, तर बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात करावं लागतं, निर्णयानंतर तीन महिन्यांच्या आत.